दुसऱ्याच्या नावाच्या वह्या

शाळेची यादी हातात पडली की हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या बाकीच्या आया पिशवी घेऊन नारायणगुड्याच्या दुकानांकडे निघायच्या. माझी आई चपला काढून ठेवायची आणि अनवाणी पाच घरी मागायला निघायची. मी बरोबर असलंच पाहिजे असा नियम होता. ज्या घरी जायचं त्या घराच्या उंबऱ्याबाहेर ती उभी राहायची, पदर दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि यादीतली एकेक वस्तू पाठ म्हटल्यासारखी सांगायची. दोनशे पानी वही, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, लाकडी पट्टी. आत बोलावलं तरी जायचं नाही, पाणी पुढे केलं तरी प्यायचं नाही, वस्तू पदरात पडली की मागे वळून बघायचं नाही. मी तिच्या पाठीमागे उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत असायचे. आम्ही काही भिकेला लागलेलो नव्हतो. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, घरात शिलाई मशीन होतं, रेडिओ होता, दर रविवारी बाबा आबिड्सहून माझ्यासाठी करंजीएवढाली खारी बिस्किटं आणायचे. पण वही मात्र मागूनच आणायची. याचा मला इतका राग यायचा की त्या पाच घरांतल्या मुलींशी मी पुढचा महिनाभर बोलत नसे.

कारण मला फार लवकर कळलं होतं. घरात कुणी ते लपवलंच नव्हतं. माझ्याआधी आईला दोन लेकरं झाली, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दोघांनीही दुसरी दिवाळी पाहिली नाही. माझ्या वेळी आई नांदेडकडे माहेरी होती. तिथल्या एका म्हातारीने तिला सांगितलं, हे लेकरू आपलं म्हणू नको. आपलं म्हटलं की नेणारा नेतो. दुसऱ्याचं आहे म्हणून वाढव. तेव्हापासून माझ्या अंगावर जे पडलं ते दुसऱ्याच्या घरून मागून आणलेलं. पहिलं अंगडं, पहिलं टोपडं, दुधाची वाटीसुद्धा. ज्या घरातली सगळी मुलं जिवंत आहेत अशाच घरून मागायचं. नाव ठेवलं धोंडी. रस्त्यातला धोंडा कोण उचलून नेणार, असा त्यातला हिशेब. बाबांनी मात्र शाळेत घालताना गुपचूप वैजयंती असं नाव लिहून दिलं. आईला कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी, की ते नाव शाळेच्या हजेरीपटात, कपाटात, कुलपाखाली राहील. घरात कुणी उच्चारायचं नाही आणि माझ्या कुठल्याही वस्तूवर लिहायचं नाही. आईच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

आता यातली गंमत म्हणा की दैवाची खोडी म्हणा, अख्ख्या गल्लीतल्या पोरांची नावं वह्यांवर घालायचं काम माझ्या बाबांकडे असायचं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या जिन्यात रांग लागायची. आई एका बाजूला ज्वारीच्या भाकरी थापत असायची, मी मैद्याची खळ ढवळत असायचे, खाकी कागदाचा करकर आवाज चालू असायचा आणि बाबा गुडघ्यावर फळी घेऊन काळ्या शाईने एकेक नाव काढायचे. श्रीनिवास. फर्जाना. लक्ष्मी. टाकाचा टोकदार आवाज अजून माझ्या कानात आहे. नाव वाळेपर्यंत वही उघडी ठेवायची, त्यावर फुंकर मारायची नाही. त्यातल्याच काही वह्या दोन दिवसांनी आईच्या पदरातून आमच्या घरी परत यायच्या. म्हणजे माझ्या वह्यांवरची परकी नावंसुद्धा माझ्या बापाच्याच हातची असायची. याचं त्या वेळी कुणालाच काही वाटत नव्हतं.

शाळेत मी विषयवार वेगळी असायचे. गणितात श्रीनिवास, इंग्रजीत फर्जाना, समाजशास्त्रात लक्ष्मी. तपासलेल्या वह्या वाटताना टीचर वरचं नाव वाचायच्या आणि उठायचे मी. सगळा वर्ग खिदळायचा. बाबांनी मोठ्या बाईंना भेटून ‘घरची अडचण’ सांगून ठेवली होती, म्हणून कुणी रागवायचं नाही, पण सगळे कीव करायचे. मला कीव नको होती, वही हवी होती. कोरी, नवी, पहिलं पान मी उलगडलेलं, आणि वर बाबांच्या अक्षरात माझं नाव. एवढी साधी गोष्ट मला जगातल्या कुठल्याही मिठाईपेक्षा मोठी वाटत होती.

परवा माझ्या नातीच्या शाळेची यादी सुनेच्या फोनवर आली. ती कोंडापूरच्या घरी सोफ्यावर बसून, चहा निवायच्या आत सगळं मागवून मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी खोकं दारात. आत नातीच्या नावाच्या छापील चिकटपट्ट्यांचं अख्खं भेंडोळं, प्रत्येकीवर कार्टूनचं अस्वल. सून म्हणाली, ‘‘आई, तुम्ही बसल्या बसल्या लावून टाकता का?’’ मी हौ म्हटलं, आणि भेंडोळं हातात घेऊन अर्धा तास तशीच बसले. मग डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासल्या. कुठला ताप कुठून येतो हे मला पाठ आहे. तरी त्या चिकटपट्ट्या माझ्याच्याने लावल्या गेल्या नाहीत.

मी सहावीत गेले त्या वर्षी आईचे पाय सुजले होते. पाच घरं अनवाणी फिरणं तिच्याच्याने होईना. आमच्या समोरच्या घरात पद्मा पिन्नी राहायच्या. तेलुगूत मावशीला पिन्नी म्हणतात, गल्लीतली सगळी पोरं त्यांना तेच म्हणायची. त्यांची मोठी मुलगी सुजाता माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. धाकटी चिन्नी अजून घरातच लुडबुडणारी. पिन्नी आईला अक्का म्हणायच्या. त्यांच्या घरून चिंचेच्या भाताचा डबा यायचा, आमच्या घरून शेंगदाण्याची चटणी जायची. त्यांचे यजमान कागदाच्या वखारीत कामाला होते, त्यामुळे वह्यांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. आईला जिन्यात भिंत धरून उतरताना पाहून पिन्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

‘‘अक्का, इत्ती धूप में पाँच घर कायकू फिरते? मेरेकनेच ले लो ना सब.’’

‘‘नईं पद्मा. पाँच घर होना. एक घर पे बोझा नईं डालना बोलते.’’

‘‘बोझा कैका? मेरे दोनो बच्चे अच्छे हैं, भगवान की दया है. मैं सुजाता के लिए दो-दो लेती. एक उसको, एक तुमको. उसकेच हात से देती.’’

 आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि तिथेच, त्या एकाच उंबऱ्यासमोर, पदर पसरला.

वह्या प्रत्येक विषयाच्या दोन-दोन आल्या. बाबांनी एका बैठकीत दोन्ही गठ्ठ्यांवर एकच नाव घातलं: के. सुजाता, सहावी ब. वही वापरलेली असली पाहिजे म्हणून सुजाताने प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली आणि तिच्या हातानेच तो गठ्ठा आईच्या पदरात टाकला. सुजाता हसरी, दातांत फट असलेली, कशालाही तयार अशी मुलगी होती. तिला हा सगळा खेळच वाटला. मला नाही वाटला. आतापर्यंत माझ्यावर पाच नावं असायची, म्हणजे एकही धड नसायचं. या वर्षी मी डोक्यापासून पायापर्यंत एकच दुसरी मुलगी झाले होते, आणि ती माझ्या शेजारीच बसलेली होती.

पहिल्या पंधरवड्यात आम्हाला त्याचं हसू यायचं. टीचरनी ‘सुजाता’ म्हटलं की दोघी उठायचो. वह्या सारख्या बदलायच्या. घरी येऊन गणिताची वही उघडावी तर मी कधीच न सोडवलेली उदाहरणं सोडवलेली, खाली बरोबरची खूण. मग हळूहळू माझं हसू बंद झालं. पहिल्या पानावरची तिची ओळ रोज डोळ्यांखालून जाऊन जाऊन माझं अक्षर तिच्यासारखं वळायला लागलं. तीच ‘एस’ची लांब शेपटी. एकदा पिन्नींनी गच्चीवरून सुजाताला हाक मारली आणि मी गल्लीच्या टोकाला होते ती वळून ‘आले’ म्हणाले. सुजाता माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ती घरापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली. भर दुपारची वेळ होती, रस्त्यात रिक्षावाले ओरडत होते, आणि मला माझीच भीती वाटली होती.

त्याच संध्याकाळी मी ते केलं. आई देवापाशी होती, बाबा अजून आले नव्हते. मी त्यांचा टाक घेतला, विज्ञानाच्या वहीचं खाकी कव्हर सोडवलं आणि आतल्या पुठ्ठ्यावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींत माझं नाव लिहिलं. वैजयंती.  शाई वाळेपर्यंत मी फुंकर मारली नाही. मग कव्हर परत घातलं. त्या रात्री मला जितकी गाढ झोप लागली तितकी नंतर क्वचितच लागली असेल.

नऊ-दहा दिवसांनी मला ताप भरला. आधी साधा वाटला, मग चढतच गेला. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. गोळ्या दिल्या, पेज द्या म्हणाले. मी पलंगावर पडून छताच्या पंख्याकडे बघत असायचे आणि पंखा कधी फार जवळ यायचा, कधी फार लांब जायचा. आईने माझं दप्तर रिकामं केलं आणि सगळ्या वह्या माझ्याभोवती मांडल्या, नाव वर करून. उशाशी, पायाशी, दोन्ही बाजूंना. मला कूस बदलता यायची नाही. तापात डोळे उघडले की चारी बाजूंनी सुजाता, सुजाता, सुजाता. मला वाटायचं, मी उठून बसले तर या पलंगावर तीच बसलेली असेल.

वह्या मांडता मांडता विज्ञानाच्या वहीचं कव्हर सैल झालेलं आईला दिसलं. तिने ते उघडलं.  ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली. बाबा रजा काढून घरी होते. मला तिचा आवाज ऐकू आला. हळू, पण धारदार.

‘‘हे बघा. लेकरानं पत्ता लिहून ठेवलाय त्या नेणाऱ्यासाठी. काढा हे.’’

‘‘अगं, शाई आहे ती. पुठ्ठा फाटेल.’’

‘‘तुम्ही हापिसात काढता की नाही नकाशावरची चुकलेली रेघ? तसं काढा. आणि त्याच्यावर त्या पोरीचं नाव घाला. आत्ता.’’

ड्राफ्ट्समन लोक चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढत. बाबा माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसले, कारण उजेड तिथेच होता. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि ब्लेड आडवं धरून माझं नाव खरवडायला लागले. खर्र, खर्र, खर्र. बारीक काळी पूड चादरीवर पडत होती. एकेक अक्षर जात होतं तसं मला आतून हलकं हलकं वाटत होतं. हे मी आज बरं दिसावं म्हणून लिहीत नाही, खरंच तसं वाटलं होतं. मग त्यांनी नखाने तो भाग गुळगुळीत केला, टाक शाईत बुडवला आणि त्याच जागी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: के. सुजाता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ताप उतरायला लागला.

गोळ्यांचे दिवस भरत आले होते, ताप तसाही उतरणारच होता. हे मला आज ठाऊक आहे. त्या महिन्यात आमच्या गल्लीतला पाण्याचा नळ गटाराशेजारी फुटला होता आणि आम्ही दोघी शाळेतून येताना त्याच नळाला तोंड लावायचो. हेही ठाऊक आहे. माझा ताप उतरायला लागल्यावर चार दिवसांनी सुजाताला ताप आला तो त्याच पाण्याने, माझ्या नावामुळे नव्हे. प्रयोगशाळेतल्या किती पोरींना मी हे शिकवलंय. पण तेव्हा आमच्या घरात प्रयोगशाळा नव्हती. खिडकीतून समोरच्या घरी डॉक्टर येताना दिसले तेव्हा आईच्या हातातली पेजेची वाटी खाली पडली.

सुजाताचा ताप उतरला नाही. तिच्या पोटात काहीतरी फुटलं म्हणाले. तिला दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आली ती चादरीत. आईने आमची खिडकी लावून घेतली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. मला दिसलं काहीच नाही. बाहेरून पद्मा पिन्नींचा आवाज येत होता आणि त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता, तोच शब्द जो माझ्या पलंगाभोवती चौदा वेळा लिहिलेला होता. आईने एकेक वही उचलून पालथी घातली.

पंधरा दिवसांनी मी शाळेत गेले. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती, कुणी तिथे बसायला तयार नव्हतं. माझ्या आजारपणाआधी तपासायला दिलेल्या वह्या टीचरच्या टेबलावर तशाच राहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी त्या वाटायला घेतल्या. एकेक नाव वाचत होत्या, मुलं उठून नेत होती. मधेच त्या थांबल्या. हातातल्या वहीकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू, जणू चुकून, वाचलं, ‘‘के. सुजाता.’’  ती वही तिचीही असू शकत होती, माझीही. ते फक्त मला माहीत होतं, आणि मलाही नक्की नव्हतं. मी उठले. टेबलापर्यंत चालत गेले. पन्नास मुलं माझ्याकडे बघत होती आणि मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. टीचरनी वही माझ्या हातात दिली नाही, टेबलाच्या कडेला सरकवली. मी ती उघडली. पहिल्या पानावर सुजाताची ओळ, आणि पुढचं सगळं अक्षर असं की ते माझं की तिचं, मला ओळखता येईना.

घरी येऊन मी आईच्या मांडीत डोकं खुपसून हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती समजूत घालील. ती भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘तो आला होता धोंडे. नाव वाचलं आणि त्या घरी गेला. मीच पाठवलं.’’ तेवढंच. बाबा दारात उभे होते, त्यांनी ते ऐकलं. पुढच्या जूनमध्ये जिन्यात रांग लागली तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं, डोळ्यांना दिसत नाही, दुसरीकडून लिहून घ्या. डोळे त्यांचे चांगले होते. आई वर्षभर समोरच्या घरावरून गेली नाही. भाजीला जायचं तर मागच्या गल्लीतून वळसा घालून जायची. मला ती दिवसातून चारदा हात लावून बघायची, पण तिच्या हाताला आता माया कमी आणि धाक जास्त होता. मला तिची दया यायची, आणि खरं सांगायचं तर तिच्या मायेची किळसही यायची. जगलेय याची शरम वाटणं काय असतं ते मी अकराव्या वर्षी शिकले.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. चिन्नी आज हैदराबादेतच आहे, तिला दोन मुलं आहेत, गुडघेदुखी सोडली तर ठणठणीत आहे. लग्नाकार्यात भेटली की माझा हात घट्ट धरून ठेवते. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही.

तो त्याच जूनमधला रविवार होता, सकाळी दहाचा सुमार असेल. आई दारात अंबाडी निवडत बसली होती. जिन्यात पावलं वाजली आणि पद्मा पिन्नी वर आल्या. वर्षभरात त्या निम्म्या झाल्या होत्या. पाय अनवाणी. त्या आमच्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. आई धडपडत उठली, ‘‘पद्मा, अंदर आ गे,’’ म्हणाली, पण पिन्नी आत आल्या नाहीत. त्यांनी पदर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि दुमडलेल्या कागदावरून एकेक शब्द लावत वाचायला लागल्या. चाळीस पानी वही, पेन्सिल, रंगाच्या कांड्या. चिन्नीचं नाव पहिलीत घातलं होतं. खाली जिन्याच्या वळणावर चिन्नी भिंतीला नख लावत उभी होती.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘मेरे घर का नक्को लो, पद्मा,’’ ती म्हणाली. ‘‘मेरे दो गए. जिस घर के बच्चे गए उस घर से नईं माँगते. मैंच तुमको बोली थी ना?’’

‘‘हौ, बोले थे.’’ पिन्नींचा आवाज अगदी सपाट होता. ‘‘पर तुम्हारी तीसरी बच गई ना अक्का. मेरेकू वोइच घर होना.’’

आईने दाराची चौकट धरली. मला वाटलं ती आता सगळं सांगून टाकणार, ब्लेड, शाई, पालथ्या घातलेल्या वह्या. ओठ हलले तिचे. पण समोरच्या बाईचा पसरलेला पदर बघून तिला ते सांगता आलं नाही. नाही म्हणावं तर दुसरं लेकरू उघड्यावर पडतंय. हो म्हणावं तर माझं नाव उंबऱ्याबाहेर जातंय, उघड्या जगात, जिथे कुणीही वाचील. दोन्हीकडे एकेक पोर होतं आणि त्यातलं एक तिचं होतं. आई तिथेच खाली बसली. मग मला म्हणाली, ‘‘बाबांचा टाक आण. आणि तुझ्या कोऱ्या वह्या आण.’’ कपाटात बाबांनी माझ्यासाठी आणून लपवलेल्या वह्या होत्या, हे तिला माहीत होतं तर.

बाबा आतून आले आणि हात पुढे करून म्हणाले, ‘‘मी लिहितो.’’

‘‘तुम्ही नका. तुमच्या हातानं एकदा झालं.’’

आईने वही मांडीवर घेतली. तिला लिहायची सवय नव्हती. दुधवाल्याच्या कॅलेंडरवर खुणा करण्यापलीकडे ती कधी लिहीत नसे. तिने टाक मुठीत धरला आणि मराठीत, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत, एकेक काना, एकेक मात्रा थांबून थांबून लिहिलं. एक वही झाली, दुसरी घेतली. सहा वह्या. घाम तिच्या कपाळावरून नाकावर येत होता आणि ती तो पुसत नव्हती. शेवटच्या वहीची शाई वाळल्यावर ती उठली आणि सगळा गठ्ठा पिन्नींच्या पदरात घातला.

पिन्नींना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी वरच्या वहीवर बोट ठेवलं. ‘‘क्या लिखे अक्का? कैसा बोलना इसको?’’

 इतक्या वर्षांत जे आईने स्वप्नातसुद्धा उच्चारलं नव्हतं ते आता भर दिवसा, उघड्या दारात उच्चारायचं होतं. बाबांनी मान खाली घातली. आई वहीकडे बघत म्हणाली, ‘‘वैजयंती.’’

पिन्नींनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. वैजयंती. वैजयंती. मग मागे वळून न बघण्याचा नियम पाळत त्या जिना उतरायला लागल्या, आणि वळणावर उभ्या असलेल्या चिन्नीला त्यांनी मोठ्याने हाक मारली, ‘‘वैजयंती! रा अम्मा, ये, घर चल.’’

चिन्नीने एकदा वर माझ्याकडे पाहिलं आणि ‘आँ’ म्हणून त्यांचं बोट धरलं. ओ द्यायला माझंही तोंड उघडलं होतं. आवाज गळ्यापर्यंत आला होता, तेवढ्यात आईने मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. तो शाईने माखलेला होता. खालचं दार लागेपर्यंत तिने तो काढला नाही.